ऑर्कला नायक होऊ द्या: टेबल चालवणाऱ्या डीएम मंडळींना खुले पत्र

सर्व डीएम मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

पुण्यात, मुंबईत, नाशकात, बंगळुरूत आणि परदेशातल्या मराठी घरांमध्ये सुट्टीच्या दिवशी जेवणाचं टेबल आवरून त्यावर नकाशे आणि डाइस मांडले जातात. डंजन्स अँड ड्रॅगन्स या गोष्ट रचत खेळायच्या खेळाची ती टेबलं चालवणाऱ्या, म्हणजे डीएम (डंजन मास्टर) असलेल्या, तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत (सेशनांत) चालणारी गोष्ट, सुरू करताना आपण खेळाडूंना मोजक्या गोष्टी कळवतो: कुठल्या लेव्हलपासून सुरुवात, कुठली पुस्तकं चालतील, सेशन किती वाजता. त्यात एक ओळ हमखास असते, 'मॉन्स्टर रेस चालणार नाहीत.' एल्फ चालतो, ड्वार्फ चालतो, अंगात सैतानी रक्त असलेला टीफ्लिंगसुद्धा चालतो. ऑर्क, गॉब्लिन, कोबोल्ड, बगबेअर या राक्षस कुळांना मात्र मज्जाव. कारण सहसा दिलेलं नसतं आणि नवा खेळाडू ते विचारायला धजत नाही.

ज्यांनी ही ओळ केव्हाच काढून टाकली आहे, त्यांच्याशीही मला बोलायचं आहे. कारण त्यांच्यापैकी बऱ्याच टेबलांवर ऑर्क येतो, पण तो आल्याने जगात काहीच हलत नाही. शहराचा पहारेकरी त्याला एल्फसारखाच सलाम करतो, खानावळवाला त्याला खोली देतो, आणि तिसऱ्या सेशनपर्यंत तो ऑर्क आहे हे कॅरॅक्टर शीट बघितल्याशिवाय कुणाला आठवत नाही. दार बंद करून आपण जे गमावतो, तेच दार असं सताड उघडं टाकूनही गमावतो. राक्षस कुळातला नायक ही या खेळाने आपल्या हातात दिलेली फार मोलाची भूमिका आहे. ती नीट खेळवली जावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी नकाराबद्दल. तुमच्या कारणांना मी हलक्यात घेत नाही, कारण मीही टेबल चालवतो.

पहिलं कारण सगळ्यांना माहीत आहे: 'पुन्हा एक ड्रिझ्ट नको.' 1988 मध्ये आर. ए. साल्वातोर यांच्या कादंबरीतून आलेला हा दोन तलवारींचा ड्रो, म्हणजे भूमिगत एल्फ कुळातला, रेंजर इतका लोकप्रिय झाला की स्वतःच्या दुष्ट कुळावर पाठ फिरवलेला एकटा, अबोल, दुःखी नायक जो तो खेळू लागला. असा नायक कोपऱ्यात बसून राहतो, पार्टीत (सोबतच्या नायकांच्या गटात) मिसळत नाही, आणि बाकीच्यांचा वेळ खातो. तक्रार खरी आहे. पण ती एकलकोंड्या खेळाडूबद्दलची आहे. माणूस कुळातले एकलकोंडे चोर ('रोग') आपण कमी पाहिलेत का? त्यावरचा उपाय सेशन झीरोमध्ये, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, आहे: 'तुझं कॅरॅक्टर या चौघांबरोबर का राहील?' हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा, मग तो कुणीही असो.

दुसरं कारण ताकदीचं. हे जुनंच दुखणं आहे. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने त्यावर हिशेबी तोडगा काढला. ट्रोल खेळायचा तर त्याचे सहा हिट डाइस (जीवशक्ती, म्हणजे हिट पॉइंट्स, ठरवणारे डाइस) आणि वर पाच लेव्हलची भरपाई, म्हणजे तो अकराव्या लेव्हलचा धरायचा. परिणाम असा की अकराव्या लेव्हलच्या पार्टीत तुमचा ट्रोल सहा डाइसच्या हिट पॉइंट्सवर उभा राहायचा आणि एखाद्या मोठ्या स्पेलने आडवा व्हायचा. 2003 मध्ये त्यासाठी राक्षसांच्या लेव्हल तुकड्या-तुकड्यांत वाटून देणारं वेगळं पुस्तकच निघालं. पाचव्या आवृत्तीत हा सगळा गुंता गेला. युआन-टी या सर्पकुळासारखा एखादा अपवाद सोडला, ज्याची जादूला आणि विषाला न जुमानण्याची ताकद खरोखर जास्त आहे, तर गॉब्लिन किंवा ऑर्क हा एल्फपेक्षा भारी पडत नाही. तेव्हा 'बॅलन्स बिघडतो' हे कारण आज ऑर्कसाठी पुढे करू नये.

गंमत अशी की सुरुवातीला या खेळाचं म्हणणं होकाराचंच होतं. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा पहिल्याच पुस्तिकेत म्हटलं होतं की खेळाडूला जवळजवळ काहीही होता येईल, फक्त सुरुवात दुबळेपणापासून करायची. ड्रॅगन व्हायचंय? मग पिल्लापासून सुरू करा आणि वाढत जा. 1978 च्या प्लेयर्स हँडबुकात हाफ-ऑर्क (अर्धा माणूस, अर्धा ऑर्क) आला. आणि लगेच 1979 मध्ये डीएमसाठीच्या पुस्तकात त्याच गायगॅक्सनी राक्षस खेळण्याविरुद्ध खास मजकूर लिहिला. मुद्दा असा की राक्षस मागणारा खेळाडू बहुतेकदा ताकदीच्या हव्यासाने मागतो, आणि हे जग माणसांभोवती उभं आहे. आज आपण जो नकार देतो, त्याचं मूळ तिथे आहे. पुढे 1989 मध्ये हाफ-ऑर्क मुख्य पुस्तकातून गेला, 1993 मध्ये ऑर्क-गॉब्लिनांसकट बरीच मंडळी एका पुरवणी पुस्तकातून परत आली, 2000 मध्ये हाफ-ऑर्क मुख्य पुस्तकात परतला तो बुद्धी आणि प्रभाव दोन्हींत उणे दोन घेऊन. पन्नास वर्षं खेळाला स्वतःलाच ठरवता आलेलं नाही. त्यामुळे 'हे परंपरेत बसत नाही' असं कुणी म्हणू नये. परंपरेत दोन्ही आहे.

हाफ-ऑर्कबद्दल इथेच एक बोलून घेतो. 'पूर्ण ऑर्क नको, हाफ-ऑर्क घे' ही तडजोड बरेच डीएम करतात आणि त्यांना ती समंजस वाटते. पण वर्षानुवर्षं टेबलावर हाफ-ऑर्कच्या जन्मकथेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरली जायची: आईवर झालेला अत्याचार. म्हणजे ऑर्क बापाचं, ऑर्क आजीचं, ऑर्कांच्या घराचं जगात काही चांगलं असूच शकत नाही, म्हणून मूल जबरदस्तीतूनच आलं असणार. मला ही तडजोड पूर्ण ऑर्कपेक्षा कितीतरी जास्त अस्वस्थ करते. 2024 च्या नव्या प्लेयर्स हँडबुकात हाफ-ऑर्क नाही आणि ऑर्क आहे, हा बदल मला पटतो.

आता ते कारण, ज्यावर खरं घोडं अडतं. डीएमच्या मनात असतं, पण क्वचितच कुणी बोलून दाखवतं: ऑर्क जर पार्टीत बसला, तर पार्टीने मारायचं कुणाला?

हा प्रश्न गंभीर आहे आणि तो खेळाच्या पायातच आहे. बेसिक सेटच्या डब्यात येणारं, असंख्य लोकांनी पहिलं म्हणून खेळलेलं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे साहस उघडून बघा. गुहांमध्ये कोबोल्ड आहेत, गॉब्लिन आहेत, ऑर्क आहेत. त्यांच्या राहण्याच्या दालनात किती पुरुष, किती बायका, किती पिल्लं हे लिहिलेलं आहे. पिल्लं हल्ला करत नाहीत, हेही लिहिलेलं आहे. मग त्या पिल्लांचं काय करायचं? या प्रश्नावर टेबलांवर मध्यरात्रीपर्यंत वाद झाले आहेत, आणि 'ती मोठी होऊन दुष्टच होणार' हे उत्तर देऊन तलवारी चालवल्याही गेल्या आहेत.

'मोठी होऊन दुष्टच होणार.' हे वाक्य मराठी माणसाने सहज ऐकून सोडून द्यावं असं नाही. 1871 मध्ये ब्रिटिश सरकारने कायदा करून काही जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. 1911 च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर नेली. नावं नोंदीत, पोलिसाकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाची आठवण अजून पुसलेली नाही. तो कायदा 1952 मध्ये गेला. शिक्का गेला नाही. तो अंगावर घेऊन जगलेल्यांनी मराठीत आत्मकथनं लिहिली, आणि आपल्यापैकी अनेकांनी ती कॉलेजात वाचली आहेत.

इथे मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. कुठल्याही खऱ्या समाजाची ऑर्कशी तुलना मी करत नाही. ती करणं घोर अन्याय होईल आणि तसं कुणी टेबलावर केलं तर त्याला थांबवावं. मी बोलतो आहे आरोपाबद्दल. 'अख्खं कुळच वाईट, मूलसुद्धा' हा आरोप खऱ्या जगात खऱ्या माणसांवर ज्या शब्दांत झाला, त्याच शब्दांत तो ऑर्कांवर होतो. ऑर्क ज्यांच्या लेखणीतून आपल्यापर्यंत पोचले त्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या टोल्किन यांनीही 1958 मधल्या एका पत्रात ऑर्कांचा चेहरा सांगताना मंगोल चेहऱ्यांचा दाखला दिला होता. अख्खी जात सुधारण्यापलीकडची असू शकते का, हा प्रश्न त्यांनाही उतारवयापर्यंत सुटला नव्हता. त्यांना जिथे अडखळायला झालं, तिथे आपण एका ओळीत निकाल देऊन मोकळे होतो.

तर मग मारायचं कुणाला? ज्यांनी काहीतरी केलंय त्यांना. गुलामांचा व्यापार करणाऱ्यांना, गाव जाळून खंडणी मागणाऱ्या सरदाराच्या शिपायांना, मग ते माणसं असोत की ऑर्क. त्यांना झेंडा द्या, नाव द्या, हेतू द्या. लढाई फिकी होत नाही, उलट तिच्यात शरण येणं येतं, पळून जाणं येतं, फितुरी येते. जुन्या खेळात याची सोय नियमांतच होती. 1981 च्या बेसिक नियमांत राक्षस समोर आला की दोन डाइस टाकून त्याचा कल बघायचा. अगदी कमी पडले तर हल्ला, अगदी जास्त पडले तर मैत्री. लढाईत निम्मे पडले की उरलेल्यांचं धैर्य तपासायचं. म्हणजे गॉब्लिन बोलू शकतो, घाबरू शकतो, मित्र होऊ शकतो हे चाळीस वर्षांपूर्वी नियमात होतं. तिसऱ्या आवृत्तीच्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्येही दुष्टपणाला पायऱ्या होत्या: नेहमी, सहसा, बऱ्याचदा. ऑर्कांसमोर 'बऱ्याचदा' लिहिलं होतं. टेबलावर येईपर्यंत ती पायरी गळून पडायची आणि उरायचं फक्त 'दुष्ट'.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांशी.

गेल्या काही वर्षांत प्रकाशकांनी बरंच साफ केलं. 2016 मध्ये खेळण्यासाठी दिलेल्या ऑर्कला बुद्धीत उणे दोन होते, कोबोल्डला ताकदीत. 2020 मध्ये ते काढले. त्याच वर्षी प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्टने जाहीरपणे सांगितलं की ऑर्क आणि ड्रो यांना आजवर ज्या रीतीने दुष्ट रंगवलं ते खऱ्या जगातल्या वंशद्वेषाची आठवण करून देणारं होतं. 2024 मध्ये ऑर्क मुख्य पुस्तकात आला. 2025 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये शत्रू म्हणून ऑर्कांची वेगळी नोंदच नाही. अपमान काढला हे योग्यच झालं, आणि त्यावर नाकं मुरडणाऱ्यांच्या बाजूने मी अजिबात नाही.

पण काढलेल्याच्या जागी काय आलं? ऑर्कला अंधारात 120 फूट दिसतं, तो झेपावून पळू शकतो, आणि मरायला टेकला की एकदा एका हिट पॉइंटवर उभा राहतो. गुण छान आहेत. घर मात्र नाही. त्याचं गाव कसं असतं, ते काय खातात, लग्नात काय गातात, शेजारच्या माणसांशी त्यांचं शेवटचं भांडण कशावरून झालं, यातलं जवळपास सगळं तुमच्यावर सोडलं आहे. आणि तुम्ही ते भरलं नाही, तर ऑर्क म्हणजे हिरवा रंग लावलेला माणूस उरतो. खेळाडूने ऑर्क मागितला तो माणूस खेळायचा कंटाळा आला म्हणून, किंवा त्याला दारात उभं राहून आत बघणाऱ्याच्या जागेवरून गोष्ट बघायची होती म्हणून. ती जागाच तुम्ही काढून घेतलीत.

हे कसं भरता येतं त्याची दोन उदाहरणं मला कायम पुरतात. एक ग्लोरान्थाचं, म्हणजे 1978 पासून चालत आलेल्या रनक्वेस्ट या दुसऱ्या खेळाच्या जगाचं. 1982 मध्ये त्यांनी ट्रोलांवर अख्खा एक संच काढला. तिथले ट्रोल स्वतःला उझ म्हणवतात. ते पूर्वी पाताळात, अंधाराच्या सुखाच्या घरात राहत होते. वर ऑर्लान्थ या वादळाच्या देवाने सूर्यदेव येल्मला मारलं. माणसांच्या कथेत हा पराक्रम. पण मेलेला सूर्य जातो कुठे? पाताळात. तो जळता सूर्य ट्रोलांच्या घरात येऊन पडला आणि होरपळलेले ट्रोल पृथ्वीवर पळून आले. पुढे त्यांच्या बायकांना शाप लागला, आणि धडधाकट मुलांऐवजी किरटी, दुबळी मुलं जन्माला येऊ लागली. हे वाचल्यावर ट्रोल समोर आला की हात तलवारीकडे जाण्याआधी मनात काहीतरी हलतं. ते ट्रोल गोडही केलेले नाहीत. ते काहीही खातात, अगदी तुम्हालासुद्धा.

दुसरं एबेरॉनचं. कीथ बेकर यांच्या या 2004 च्या जगात माणसं येण्याआधी त्या खंडावर गॉब्लिनांचं धाकानी साम्राज्य होतं. शार्न हे मनोऱ्यांचं महानगर त्याच साम्राज्याच्या अवशेषांवर उभं आहे. तुमचा गॉब्लिन खेळाडू शार्नच्या तळाशी गटारात उतरतो आणि भिंतीवर त्याच्या पूर्वजांचं कोरीवकाम निघतं. वर जे लोक त्याला हाकलतात, ते त्याच्या आजोबांच्या पायावर राहतात. यासाठी नियमांचं एक अक्षर लागत नाही.

आणि आपल्याला तर हे शिकवायलाच नको. बलिप्रतिपदेला ओवाळताना 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणारी घरं आपली. वामनाच्या गोष्टीत हरलेला असुर राजा मराठी घरात परत बोलावला जातो, आणि जोतिराव फुल्यांनी 1873 मध्ये त्याच बळीला रयतेचा राजा म्हणून उभं केलं. एकच लढाई दोन्ही बाजूंनी सांगायची सवय आपल्या रक्तात आहे. मग कॅम्पेन लिहिताना आपण एकच बाजू का लिहितो?

इथे घटोत्कचाची आठवण ठेवावी असं मला फार वाटतं. राक्षसीच्या पोटचा भीमाचा मुलगा, पांडवांच्या बाजूने लढणारा. कर्णाने अर्जुनासाठी राखलेली शक्ती त्याच्यावर संपते आणि तो पडतो, तोही कौरवांच्या सैन्यावर कोसळून. द्रोणपर्वात पांडव रडत असताना कृष्ण आनंदाने नाचतो, आणि कारण विचारल्यावर सांगतो की अर्जुन वाचला, आणि हा राक्षस यज्ञांचा वैरी होता, आज मेला नसता तर पुढे मलाच मारावा लागला असता. इतकी सेवा करूनही तो पार्टीचा कधी झालाच नाही. डीएम म्हणून मला या प्रसंगाची धास्ती वाटते, कारण ऑर्क नायकाच्या वाट्याला आपण नकळत हाच शेवट लिहितो. तो सगळ्यांसाठी मरतो, सगळे हळहळतात, आणि गाव त्याच्या मरणानंतर त्याला चांगला म्हणतं. त्याला म्हातारं होऊ द्या. त्याला जमीन मिळू द्या, पंचायतीत बसू द्या, दुसऱ्या कुणीतरी त्याच्यासाठी घाव झेलू दे.

आता माझ्या टेबलावरचा एक प्रसंग सांगतो, कारण मी काय म्हणतो आहे ते त्यातून नेमकं कळेल.

कॅम्पेन सीमेवरच्या मुलखातलं. युद्ध होऊन एक पिढी उलटलेली. एका खेळाडूने ऑर्क क्लेरिक (पुरोहित) घेतली होती, नाव उरखा, काम जखमा बांधण्याचं. सेशन झीरोमध्ये तिने स्वतःहून सांगितलं होतं की गावांनी तिला घाबरावं, पण तिला मारहाण किंवा घाणेरड्या शिव्या नकोत. ते मी लिहून घेतलं होतं. पार्टी उन्हातून चालत एका गावाच्या विहिरीवर आली. मी म्हटलं, ''विहिरीवर एक म्हातारी पाणी शेंदतेय. उरखाला बघून ती दोर घट्ट धरते.'' माझा अंदाज होता की आता मन वळवायचा डाइस टाकला जाईल. खेळाडू म्हणाली, ''मी भांडं पुढे करत नाही. मी दोन पावलं मागे होते, खाली बसते आणि ओंजळ धरते.''

कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. महाडचं चवदार तळं आणि 1927 साल त्या खोलीतल्या प्रत्येकाने शाळेत वाचलेलं होतं, आणि एक-दोघांच्या घरात ते पुस्तकाबाहेरही ठाऊक होतं. मग ड्वार्फ योद्धा खेळणारा मुलगा म्हणाला, ''मी तिच्या शेजारी बसतो. मीपण ओंजळ धरतो.'' आता उत्तर देणं माझ्याकडे आलं. म्हातारीने दोघांच्या ओंजळीत वरून पाणी सोडलं आणि विचारलं, ''त्या धाडीत तुमच्यातलं कोण होतं?'' उरखा म्हणाली, ''माझा भाऊ होता.''

तो भाऊ तोवर कुठेच लिहिलेला नव्हता. पुढचं जवळजवळ सगळं कॅम्पेन त्या भावाभोवती फिरलं. म्हातारीची भीती खोटी नव्हती, तिचं घर जळलं होतं. उरखाचाही दोष नव्हता, ती तेव्हा लहान होती. दोघींचं खरं एकाच विहिरीवर उभं राहिलं, म्हणून गोष्ट उभी राहिली. मी ऑर्क नाकारला असता तर हे झालं नसतं. आणि म्हातारीने हसून घागर पुढे केली असती, तरीही झालं नसतं.

मी काय करतो ते थोडक्यात सांगतो, उपयोग वाटला तर घ्या. गावाच्या भीतीला मी कारण देतो: कुठली धाड, कुणाचं शेत, किती वर्षांपूर्वी. कारण नसलेली भीती ही नुसती खेळाडूची छळणूक होते. अख्खं गाव एकसारखं वागत नाही. एक जण दार लावतो, एक जण दुप्पट भाव सांगतो, एखादा व्यापारी आधीपासून ऑर्कांशी मिठाचा व्यवहार करत असतो, आणि पोरं मागे मागे येतात. द्वेषाचा प्रसंग प्रत्येक सेशनला आणत नाही. माणसं दमून-भागून आठवड्यातून तीन तास खेळायला येतात, अपमान पचवायला येत नाहीत. एकदा गावाने उरखाला ओळखलं की ते गाव बदललं, पुन्हा शून्यापासून सुरुवात नाही. खेळाडूला मी तीन गोष्टी विचारतो: तुमच्याकडे सणाला काय शिजतं, मेलेल्याचं काय करता, आणि ते युद्ध तुमची आजी कसं सांगते. तिसऱ्या उत्तरातून मला कॅम्पेनचा निम्मा मसाला मिळतो.

सगळ्यात आधी मात्र खेळाडूला विचारायचं की त्याला यातलं किती हवंय. हे मी पुन्हा सांगतो, कारण आपल्या टेबलावर बसलेल्या एखाद्याने बाहेरचं जग असंच भोगलेलं असू शकतं, आणि तो कदाचित ते सगळं विसरून नुसता धमाल गॉब्लिन खेळायला आलेला असेल. त्याला तसंच खेळू द्या. त्याच्या गॉब्लिनला कुणी अडवणार नाही असं गाव द्या. निवड त्याची आहे, तुमची नाही.

नियमांतूनही बरंच साधतं. जुन्या कोबोल्डला उन्हाचा त्रास होता. तो किंवा त्याचं लक्ष्य थेट उन्हात असेल तर हल्ल्याला, नेम चुकण्याची शक्यता वाढवणारा, डिसअ‍ॅडव्हान्टेज. नव्या पुस्तकांत हे काढलं आहे. माझ्याकडच्या एका खेळाडूने ते मागून परत घेतलं. काही सेशनांत पार्टीची चालच बदलली. मंडळी दिवेलागणीला निघू लागली, आणि दिवसा गाठ पडलीच तर शत्रूला झाडीच्या सावलीत ओढून आणायची युक्ती ठरली. कोबोल्डसाठी चौघांनी आपला दिनक्रम बदलला, आणि त्याबद्दल कुणी भाषण केलं नाही.

पार्टीतल्या इतरांबद्दलही एक सांगायचं राहिलं. 'माझा ड्वार्फ ऑर्कांचा द्वेष करतो' असं म्हणणारा कुणीतरी निघतोच. मी हो म्हणतो, एका अटीवर: हा द्वेष कॅम्पेनमध्ये कधीतरी बदलेल याची तयारी आजच हवी, आणि ऑर्क खेळणाऱ्याची संमती हवी. तयारी नसेल तर दुसरा ड्वार्फ आणावा. टेबलावरच्या एका माणसाची मजा दुसऱ्याच्या टोमण्यांवर चालत नाही.

एवढं सगळं करूनही एखादं कॅम्पेन असं असेल की त्यात ऑर्कला जागाच नाही. समजा, तुम्ही माणसांच्याच एका राजधानीतल्या राजकारणाची गोष्ट चालवताय, किंवा तुमच्या जगात ऑर्क नावाची गोष्टच नाही. मग खुशाल नाही म्हणा, पण कारण त्या खेळाडूला समोर बसवून सांगा, आणि विचारा की ऑर्कमध्ये त्याला नेमकं काय खेळायचं होतं: परका असणं, ताकद, घर सोडणं, की नुसते सुळे. बहुतेक वेळा त्यातलं काहीतरी तुमच्या जगात आधीपासून असतं आणि त्याला ते देता येतं. 'राक्षस असेच असतात' एवढं एक कारण मात्र देऊ नका. त्या कारणावर कुणाचंही दार बंद करायला माझा विरोध राहील, आणि तुम्ही माझ्या टेबलावर खेळायला आलात तरी मी तो तोंडावर बोलून दाखवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सहकारी डीएम